आपण दोघींनी केलेली डावरी सुरी

माय,

तू माझ्याशी खोटं बोललीस. एकदा नाही, लई वर्षं बोललीस. आणि मला ते कळलं परवा, तू जाऊन दोन महिने झाल्यावर! आता भांडू कुणाशी? तू असतीस तर केजहून जीप धरून वडगावला आले असते, ओसरीत पिशवी टाकून आधी भांडले असते आणि मग चहा मागितला असता. आता ती सोय राहिली नाही, म्हणून लिहायला बसले.

माजलगावच्या स्टँडवर आमच्या कंडक्टरांच्या खोलीत बसलेय. सकाळची फेरी झाली, दुसरीला अजून वेळ आहे. ड्रायव्हर बाकावर आडवे झालेत. मी डाव्या हातानं लिहितेय. या हाताला तू लहानपणी किती मारलंस, आठवतं का? आजसुद्धा एक म्हातारबा माझ्या डाव्या हातातून तिकीट घेईनात. म्हणाले, बाई, सोयरीक बघायला चाललोय, उजव्या हातानं दे. मी म्हणाले, बाबा, गाडी पण रस्त्याच्या डाव्या बाजूनंच चालती, उतरताव का? सगळी गाडी हसली, ते पण हसले. जीभ तुझीच आहे माझी, दुसऱ्या कुणाची असणार?

परवा रविवारी घर झाडायला गेले होते. शेजारची गयामावशी आली, हातात तिचं झिजून बोटाएवढं झालेलं खुरपं. म्हणाली, एवढं जरा ठोकून धार काढून देतीस का? नवीन कर म्हणत नाही, नवीन करायचं तर तुझ्या मायनंच सोडलं होतं. मी म्हणाले, वय झालं होतं ना मावशी तिचं. तर तिनं खुरपं खाली ठेवलं. म्हणाली, "वय कशाचं? तिला तापल्या लोखंडाचा रंग कळत नव्हता. तू नोकरीवर गेल्यावर तिला एक खुरपं धड झालं न्हाई."

माय, मला नोकरीवर धाडताना तू काय म्हणाली होतीस? 'मला रंग कळतो आता, तू जा.' त्या एका वाक्यावर मी गेले. आणि तो रंग तुला कधीच कळत नव्हता? मी फसले कुठं, तेच आता पहिल्यापासून आठवून बघतेय. तू ऐक. मधे बोलायची सवय होती तुला, आता गप ऐकायचं.

बापू काविळीनं गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. आपलं पत्र्याचं शेड, मधे ऐरण. ऐरणीच्या अलीकडं बापू बसायचे, डाव्या हातात सांडशी, उजव्यात हातोडी. पलीकडं तू, पदर खोचून, दोन्ही हातांत घण. आणि बापूंच्या शेजारी मी, भात्याचं चाक फिरवायला. बापू तापल्या लोखंडावर जिथं हातोडीची टिचकी मारायचे तिथंच तुझा घण पडायचा. बोलणं काही नाही. टिचकी, घण, टिचकी, घण. बारा वर्षं तू त्यांच्या समोर उभी राहून घण मारलास. बाहेरून जाणारी माणसं म्हणायची, लोहाराची बायको दणकट आहे. तू घरात येऊन मला दंड दाबायला लावायचीस, ते कुणी बघितलं?

घणाचं काम संपलं की तू आत जाऊन चुलीवर तवा टाकायचीस. आणि नेमकं तेव्हाच बापूंचं खरं काम सुरू व्हायचं, पाणी द्यायचं. ते काम माझ्यासमोर व्हायचं. पातं तापवून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण नुसतं कडक, आपटलं की तुटणारं. म्हणून विटेच्या तुकड्यानं ते घासून उजळ करायचं आणि पाठीकडून परत ऊब द्यायची. ऊब धारेकडं सरकती तसा लोखंडावर रंग पळत जातो. बापू मला मांडीशी ओढून दाखवायचे. "मंगे, आधी तुरीच्या डाळीचा रंग येतो. मग गुळाचा. मग वांग्याचा. गूळ धारेला लागला की पाण्यात. वांगं आलं की गेलं काम." डाळीवर बुडवलं तर पातं तुटतं, वांग्यावर बुडवलं तर वाकतं. मधे गूळ येतो, एका श्वासाएवढा. शाळेत पाढे येत नव्हते मला, पण गूळ कधी चुकला नाही.

मग बापू गेले. तेराव्याला केजहून आबा आले, बापूंचे थोरले भाऊ, त्यांचं तिथं दुकान. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आज म्हणते. तेव्हा मला राक्षस वाटला. ओसरीत चार माणसं बसलेली, आबा म्हणाले, ऐरण थंड पडू देऊ नये, मी केजला नेतो. तू पोरीला घेऊन टोळीत जा, मुकादम माझ्या वळखीचा आहे, पोरगी फडावर तुझ्याजवळच राहील. टोळी म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. दिवाळी झाली की आमच्या वर्गातली निम्मी पोरं ऊस तोडायला जाणाऱ्या आईबापाबरोबर ट्रॅक्टरवर बसून जायची. परत यायची तेव्हा आम्ही पुस्तकात लई पुढं गेलेलो असायचो, आणि मग ती पोरं मागं बसायची, कायमचीच.

तू दाराआड उभी होतीस. डोक्यावर पदर, आवाज मात्र घण मारणारीचा. "आबा, ऐरण द्यायची न्हाई."

आबांनी विचारलं, वापरणार कोण? तू म्हणालीस, मी. ओसरीतली माणसं हसली. एक जण म्हणाला, बाईच्या हातचं पाणी बसत नसतं लोखंडाला. आबा हसले नाहीत. म्हणाले, घण मारणं निराळं, सांडशी धरणं निराळं. पुढच्या बाजारच्या दिवशी मी टेम्पो घेऊन येतो. साधी भाजीची सुरी कर एक. जमली तर ऐरण तुझी. न्हाई जमली तर टेम्पोत टाकू द्यायची, रडायचं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर घेतलं तर तू ते माझ्या खांद्यावरून काढून खुंटीला अडकवलंस. म्हणालीस, आज शाळा इथं. आणि मला शेडात नेलंस. बापूंच्या जागेवर बसायच्या आधी तू किती वेळ नुसती उभी राहिलीस! मला वाटलं बसणारच नाहीस. मग एकदम बसलीस आणि म्हणालीस, चाक फिरव.

बापूंनी कापून ठेवलेला ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा होता. तो तापला, तू सांडशीत धरलास, ऐरणीवर आणलास आणि पहिल्याच ठोक्याला तो उडाला तो माझ्या पायापाशी! तुझा हात घणाचा, दोन्ही हातांनी मारायचा. एका हातात सांडशी धरून दुसऱ्यानं हातोडी चालवायची ही गंमत तुला नवी. तीनदा तुकडा उडाला. तिसऱ्यांदा तू मला शिव्या दिल्यास, जसं काही मीच उडवला. मी तोंड फुगवलं. मग तूच हसलीस आणि मला पलीकडं उभं केलंस, माझ्या हातात बापूंची मधली हातोडी दिलीस. ती मला दोन्ही हातांनी उचलायला लागायची. तू टिचकी मारायचीस, मी तिथं मारायचे. बारा वर्षं टिचकी ऐकलेली बाई त्या दिवशी पहिल्यांदा टिचकी मारत होती. माझे निम्मे घाव ऐरणीवर पडले, एक तुझ्या सांडशीवर. पण दुपारपर्यंत तो तुकडा लांब झाला, पातळ झाला, सुरीसारखा दिसायला लागला.

मग तू विचारलंस, "मंगे, बापू पाणी कवा द्यायचे?"

मी म्हणाले, गूळ आल्यावर. तू म्हणालीस, कसला गूळ? अगं, एका शेडात बारा वर्षं काढलीस आणि तुला गूळच ठाऊक नव्हता! आणि मला एवढं लोखंड बघून पातं कुठं दाबायचं, कुठं ओढायचं, त्यातलं काडीचं कळत नव्हतं. आपल्या दोघींत मिळून एक लोहार होता. मी तुला डाळ, गूळ, वांगं सगळं सांगितलं. तू वाकून भट्टीत बघितलंस, लई वेळ बघितलंस. तुझ्या एका डोळ्यात ठिणगीनं फूल पडलेलं, दुसरा धुरानं मिचमिचा झालेला. शेवटी म्हणालीस, मला समदं तांबडंच दिसतंय, तूच सांग.

पहिलं पातं मी घालवलं. वांगं येईल या भीतीनं मी डाळ दिसताच ओरडले, तू बुडवलंस. दगडावर आपटून बघितलं तर दोन तुकडे. मी गाल पुढं करून उभी राहिले, आता बसणार म्हणून. तू मारलं नाहीस. विचारलंस, "भिऊन बोललीस का बघून बोललीस?" मी म्हणाले, भिऊन. तू म्हणालीस, मग आता बघून बोल. बस, एवढंच. माय, मला नोकरीच्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनी महिनाभर शिकवलं, त्यातलं एवढं काही उपयोगी पडलं नाही.

दुसरं पातं करायला अजून दीड दिवस गेला. त्या वेळी मी श्वास धरून बघितलं. डाळ आली, गप्प बसले. डाळ दाट झाली, गप्प बसले. गूळ धारेला लागला तेव्हा म्हणाले, आता. तू बुडवलंस. दगडावर आपटलं, वाजलं नुसतं. परत आपटलं. मग तू ते पातं कपाळाला लावलंस आणि माझ्या पण कपाळाला लावलंस, गरम होतं अजून! कानशीनं घासून धार काढलीस, बाभळीची मूठ बसवलीस. बापूंच्या सुऱ्यांना एकाच बाजूनं उतार असायचा, दुसरी बाजू सपाट. तू पण तसाच काढलास, एकाच बाजूनं. आपल्याला वाटलं जिंकलो.

बाजारच्या दिवशी आबा आले. दारात खरंच टेम्पो उभा. तेराव्याला हसलेली माणसं पण आली, गयामावशी कुंपणापाशी उभी राहिली. आबांनी भोपळा मागितला, फळीवर ठेवला आणि सुरी चालवली. पातं आत गेलं छान, पण सरळ खाली जाईना. बाजूला पळालं. फोड वर पातळ, खाली जाड. आबांनी दुसऱ्यांदा कापलं, परत तसंच. माणसं खुसखुसायला लागली. कुणीतरी म्हणालं, भोपळ्याचाच दोष असंल. तुझं तोंड तेव्हा जे उतरलं ना माय, ते मी बापू गेले तेव्हाही तसं बघितलं नव्हतं. तू खुंटीकडं बघितलंस, माझ्या दप्तराकडं. मला कळलं तू काय हिशेब करतेयस. ट्रॅक्टर, फड, मागचा बाक.

मला एवढा राग आला! आबांचा नाही, सुरीचा. मी फळीवरून ती उचलली आणि भोपळ्यावर चालवली. सरळ गेली. परत चालवली, परत सरळ. कागदासारख्या फोडी पडायला लागल्या. मी कापतच राहिले, अर्धा भोपळा संपवला. आबांनी माझं मनगट धरलं. डावं मनगट. मग सुरी माझ्या हातातून काढून उन्हात धरली, एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तुझ्याकडं.

"बाई, तू समोरून शिकलीस," ते म्हणाले. "उताराची बाजू कायम तुझ्याकडं असायची. त्याच्या जागी बसलीस तरी उतार तू आपल्याच बाजूनं काढलास. बाजू उलटी झाली, सुरी डावरी झाली. पर पाणी सोळा आणे बसलंय. पाणी कुणी बघितलं?"

तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. "हिनं."

आबा हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. भाऊ गेल्यावर पहिल्यांदाच हसले असतील. टेम्पो रिकामा गेला. आबा मात्र दिवसभर थांबले, तुला बाजू कशी फिरवायची ते दाखवून, तुझ्या हातचं पिठलं खाऊन संध्याकाळच्या जीपनं गेले. सुरी माझी झाली. आणि त्या दिवसापासून जेवताना माझ्या डाव्या हातावर तुझा हात कधी पडला नाही. विसरलीस की ठरवलंस, मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गयामावशी आली. इकडं तिकडं बघून, चोरीची गोष्ट सांगावी तशी म्हणाली, मी पण डावरी हाय, जन्मभर उजव्या हाताच्या खुरप्यानं खुरपतेय, मनगट लई ठणकतं. माझ्या हाताचं एक करशील का? आबांनी कालच तुला नीट बाजू शिकवली होती, आणि आज तू मुद्दाम उलटी केलीस! मग तिची जाऊ आली, मग जावेची बहीण, मग केजच्या बाजारातून कुणी कुणी. तालुक्यात एवढ्या डावऱ्या बाया असतील असं कुणाला वाटलं होतं? सगळ्या मुकाट उजव्या हाताच्या अवजारांनी राबत होत्या. उजव्या हाताची खुरपी कुठंही मिळायची, डावरं मात्र तुझ्याकडंच. मी शाळा शिकले ती त्या बायांच्या डाव्या हातांवर.

आता माझी फसगत ऐक. पहिली काही वर्षं तू विचारायचीस, काय दिसतंय? मी सांगायचे. मी आठवीत गेले तसं तू विचारणं बंद केलंस. मी भट्टीपुढं बसलेली असायचे, तू न विचारता बरोबर गुळावर पातं बुडवायचीस. मला वाटलं, शिकली माझी माय. केवढा अभिमान वाटला! मीच शिकवलं म्हणून मिरवले मी मैत्रिणींत.

मग मी केजच्या कॉलेजला जायला लागले, तेव्हा तू एक शास्त्र काढलंस. पाणी सकाळीच द्यायचं असतं. ऊन चढलं की लोखंड पाणी घेत नाही. ठोकाठोकी दिवसभर, पण पाणी सकाळच्या जीपच्या आधी, नाही तर रविवारी. बापू दुपारी पाणी द्यायचे हे मला आठवत होतं, तरी मी मान डोलावली. अगं, एका गिऱ्हाइकाला मी हे शास्त्र समजावून पण सांगितलं! तू मागं उभी राहून खोकलीस. हसू दाबत होतीस ना?

मी बावीसची झाले, कंडक्टरची ऑर्डर आली, माजलगाव डेपो. मी म्हणाले, मी जात नाही, तुझं कसं होईल? तू म्हणालीस, कावून? माझं काय अडतंय? मला रंग कळतो आता, तू जा. मी म्हणाले, दाखव. तेव्हा तू मला भट्टीपुढं बसवलंस, तोंडातून ब्र काढायचा न्हाई म्हणून बजावलंस, आणि एकापाठोपाठ तीन खुरप्यांना पाणी दिलंस. तिन्ही गुळावर. एक इकडचं तिकडं नाही. मी टाळ्या वाजवल्या आणि पिशवी भरली. एवढी मोठी परीक्षा मी घेतली, आणि तू पास झालीस, आणि मी निघून गेले.

बारा वर्षं झाली त्याला. सुरुवातीला फोनवर विचारायचे, काय केलंस आज? तू म्हणायचीस, धारा लावल्या. पुढं म्हणालीस, आता नवीन काम नको, दंड भरून येतात. मी म्हणाले, बरं झालं, आराम कर. सुट्टीला यायचे तर भट्टी थंड. पेटवू का विचारलं तर म्हणायचीस, सुट्टीला आलीस, उगं काजळीत हात कशाला घालतीस? मला ते माझ्यावरचं प्रेम वाटायचं. नांदायला गेलेली पोर म्हणून जपतेस असं वाटायचं. एकदा तरी मी हट्ट करायला नको होता का?

परवा गयामावशीला मी हेच सांगितलं. म्हणाले, मावशी, माझ्या डोळ्यांदेखत तिनं तिन्ही खुरपी बरोबर काढली, मी समोर बसले होते! तर मावशी म्हणाली, "समोर बसली व्हतीस म्हणूनच काढली. ती भट्टीत बघतच नव्हती बाई. तुझ्या तोंडाकडं बघत व्हती. गूळ आला की मंगी खालचा ओठ दातात धरती, म्हणायची."

माय!

मी तशीच उंबऱ्यात बसले. मावशी बोलत राहिली. म्हणाली, तू नोकरीवर गेल्यावर तुझ्या मायनं दोन महिने नवीन खुरपी करून बघितली. तुटली नाही तर वाकली. बाया खुरपी परत आणायच्या, ती ठेवून घ्यायची. एकदा मी म्हणले, पोरीला सांग, येऊन दाखवून जाईल. तर माझ्या अंगावर आली, पोरीला सांगशील तर तोंड बघायची न्हाई तुझं. मग तिनं नवीन करायचं सोडलं. आणि गयामावशीनं मला शेडाच्या मागं नेऊन पत्र्याखालचं पोतं दाखवलं. उघडलं तर सगळी खुरपी. मोडलेली, वाकलेली, सगळी डावरी. मी एक एक हातात घेऊन बघितलं. घडण किती सुंदर होती माय! एकाचाही बाक चुकलेला नाही. नुसतं पाणी चुकलेलं.

मला आधी राग आला, खरं सांगते. म्हटलं, काय अधिकार होता हिला? मी महिन्यातून दोन रविवार आले असते, दोन रविवारांत वीस खुरप्यांना पाणी दिलं असतं, तुझी भट्टी चालली असती. तू एक शब्द बोलायचा होतास की! तेवढा भार माझ्यावर टाकायचा होतास. घण उचलणाऱ्या बाईला पोरीला हाक मारायला जड जावं?

मग राग गेला, आणि जे राहिलं ते लई वाईट आहे. एवढी वर्षं तू भट्टीकडं न बघता माझ्याकडं बघत होतीस. मी जांभई दिली, मी रुसले, मला पुरळ आलं, मी कुणाच्या तरी नादात हसले, सगळं तू बघितलं असशील, कारण तुझं पोट माझ्या चेहऱ्यावर चालत होतं. आणि मी? मी लोखंडाकडं बघत होते. मान वर करून एकदा जरी तुझ्याकडं बघितलं असतं तर तुझे डोळे कुठं आहेत ते मला दिसलं असतं. सगळे रंग ओळखणारी पोर मी, आणि एवढं दिसलं नाही. मला माफ कर माय.

ड्रायव्हर उठले, फेरीची वेळ झाली. काल घरी यांना सगळं सांगितलं. डेपोत मेकॅनिक असून यांनी जन्मात घण उचललेला नाही, पण म्हणाले, मी मारतो, तू सांडशी धर. गंमत म्हणजे मला सांडशी कुठं येते? मला रंग तेवढा येतो, घडण तर तुझ्याबरोबर गेली. गयामावशीला मी नवीन खुरपं कबूल करून बसलेय. ती म्हणाली, येतं का तुला? मी म्हणाले, न्हाई.

येत्या रविवारपासून शिकायला लागते. पहिलं खुरपं वाकडंच होणार, दुसरं पण होईल. तुला वचन देते माय, त्यातलं एकही मी पोत्यात घालणार नाही. बिघडलेलं प्रत्येक खुरपं दारावर टांगीन, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं. हसू देत लोकांना. कुणी विचारलं तर सांगीन, मला एकटीला येत नाही, कुणाला येत असेल तर आत या.

तुझी डावरी,
मंगी